आठ चव्वेचाळीसचे कोडे

संख्यांच्या सहवासात

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. भारतीय वेळेनुसार सकाळचे आठ वाजून ४४ मिनिटे आणि ७ सेकंद. घरोघरी डबे भरण्याची, मुलांच्या मागे धावण्याची, ऐन वेळी हरवलेली किल्ली शोधण्याची ही वेळ. पण पुढचा सेकंद उलटताच जगातील काही यंत्रे अचानक १३६ वर्षे मागे जाण्याची शक्यता आहे. त्यांच्या हिशेबी तेव्हा तारीख असेल १४ डिसेंबर १९०१ आणि वेळ मध्यरात्रीनंतरची सव्वादोनची. म्हणजे राइट बंधूंचे विमानही अजून उडायचे असेल!

ही कोणा ज्योतिषाची भविष्यवाणी नव्हे. हा साधा हिशेब आहे आणि त्याच्या मुळाशी एकच संख्या आहे : २,१४,७४,८३,६४७. वाचायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. पाहताना ती कुठल्याशा वीजबिलाच्या ग्राहक क्रमांकासारखी वाटते. पण गणिताच्या इतिहासात या संख्येला मानाचे पान आहे आणि संगणकाच्या जगात तिचा धाक आहे. हा मान तिला मिळवून दिला तो दृष्टी जवळजवळ गमावलेल्या एका वृद्ध गणितज्ञाने.

तराजू आणि एकतीस वजने

ही संख्या समजून घ्यायला किराणा दुकानातील तराजू पुरेसा आहे. समजा, दुकानदाराकडे १, २ आणि ४ ग्रॅमची तीनच वजने आहेत. एवढ्यावर तो १ ग्रॅमपासून ७ ग्रॅमपर्यंत काहीही तोलून देईल. ३ ग्रॅमला १ आणि २, ५ ग्रॅमला ४ आणि १, ७ ग्रॅमला तिन्ही. ८ ग्रॅमचे वजन आणले की मजल १५ पर्यंत जाते. १६ चे आणले की ३१ पर्यंत. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट, आणि सगळ्या वजनांची बेरीज पुढच्या वजनापेक्षा बरोबर एकाने कमी.

अशी ३१ वजने घेतली तर शेवटचे वजन एक हजार टनांहून जास्त भरेल आणि सगळ्यांची बेरीज होईल २,१४,७४,८३,६४७. गणिताच्या भाषेत सांगायचे तर ३१ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा.

आता या बेरजांकडे जरा बारकाईने पाहू. दोन वजनांची बेरीज ३, तीन वजनांची ७, पाच वजनांची ३१, सात वजनांची १२७. या सगळ्या मूळसंख्या आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना कशानेही नि:शेष भाग जात नाही. चार वजनांची बेरीज १५, ती मात्र ३ गुणिले ५. सहा वजनांची ६३, ती ७ गुणिले ९. वजनांची संख्या मूळ नसेल तर बेरीजही मूळ नसते, हे सिद्ध करता येते. मग वजनांची संख्या मूळ असली की बेरीज मूळ असणारच, असे वाटणे साहजिक आहे. पण अकरा वजनांपाशी घात होतो. ११ ही मूळसंख्या खरी, पण अकरा वजनांची बेरीज २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

थोडक्यात, भरवसा कशाचाच नाही. प्रत्येक बेरीज तपासून पाहावी लागते. इटलीतील कातालदी या गणितज्ञाने १६०३ साली १७ आणि १९ वजनांच्या बेरजा मूळ असल्याचे बरोबर सांगितले, पण पुढे जाऊन २३, २९, ३१ आणि ३७ यांच्याही मूळ आहेत असे ठोकून दिले. त्यातील तीन विधाने चुकीची ठरली. १६४४ साली पॅरिसच्या मारँ मेर्सेन या धर्मोपदेशकाने २५७ वजनांपर्यंतची यादी छापली. तीतही दोन संख्या चुकून आल्या आणि तीन राहून गेल्या. तरी आजही अशा मूळसंख्यांना मेर्सेनचेच नाव आहे.

दोघांच्याही यादीत ३१ होता. पण पुरावा कोणाकडेच नव्हता. ती संख्या खरोखर मूळ आहे की यादीतील आणखी एक चूक, हा प्रश्न पुढे शंभराहून अधिक वर्षे तसाच लोंबकळत राहिला.

अंधारातील भागाकार

लेओनार्ड ऑयलर हे मूळचे स्वित्झर्लंडच्या बाझल शहरचे. त्यांचे आयुष्य गेले ते रशियातील सेंट पीटर्सबर्ग आणि जर्मनीतील बर्लिन इथे. तिशीच्या सुमारास त्यांचा उजवा डोळा गेला. पुढे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ साली त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसू लागले आणि पुन्हा अंधार झाला. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये लागलेल्या आगीत त्यांचे घरही जळाले. एखादा माणूस खचून गेला असता. ऑयलर यांचे काम मात्र वाढलेच. ते मनात गणित करत आणि मुलगा व साहाय्यक ते उतरवून घेत.

१७७२ साली, वयाच्या पासष्टीत, त्यांनी बर्नुली यांना लिहिलेल्या एका पत्रात कळवले की २,१४,७४,८३,६४७ ही मूळसंख्या आहे.

हे त्यांनी कसे ठरवले? सरळ मार्ग म्हणजे लहान-लहान मूळसंख्यांनी भाग देत जाणे. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर त्यांतला एक तिच्या वर्गमूळाच्या आत असतोच. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे येते. तेवढ्या अंतरात सुमारे ४,८०० मूळसंख्या आहेत. म्हणजे कागद-लेखणी घेऊन ४,८०० भागाकार, आणि एक जरी चुकला तरी सगळे मुसळ केरात!

ऑयलर यांनी भागाकार करण्याआधी भाजकांचीच निवड केली. ३१ वजनांच्या बेरजेला भागू शकणाऱ्या कोणत्याही मूळसंख्येला ६२ ने, म्हणजे ३१ च्या दुपटीने, भागले तर बाकी १ च उरली पाहिजे, ही पहिली चाळणी. तिला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे, ही दुसरी चाळणी.

चाळणीची खात्री वर आलेल्या २,०४७ वरच करून पाहता येते. तिथे ११ वजने, म्हणून दुप्पट २२. अवयव २३ आणि ८९. तेवीसला २२ ने भागले तर बाकी १. एकोणनव्वदला २२ ने भागले तरी बाकी १. आठने भागले तर तेवीसची बाकी ७ आणि एकोणनव्वदची १. दोघेही दोन्ही चाळण्यांतून सहीसलामत बाहेर येतात.

या दोन चाळण्या एकत्र लावल्या की ३१ वजनांच्या बेरजेचा संभाव्य भाजक फक्त दोनच प्रकारचा असू शकतो : २४८ ने भागल्यावर बाकी १ उरणारा किंवा ६३ उरणारा. ४६,३४० पर्यंत अशा संख्या उरतात केवळ ३७३. त्यांतल्याही ज्या मूळ नाहीत त्या गाळल्या तर प्रत्यक्ष भागाकार शंभराच्याही आत येतात. ते सगळे करून पाहिले आणि एकानेही नि:शेष भाग गेला नाही. प्रश्न निकालात निघाला. पुढे कित्येक दशके ही मनुष्याला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळसंख्या मानली गेली.

तांदूळ निवडताना प्रत्येक दाणा दाताखाली धरून कोणी पाहत नाही. आधी सूप, मग चाळणी, आणि उरलेल्यावरच डोळा. ऑयलर यांचे थोरपण भागाकारात नव्हते, ते नको असलेले साडेचार हजारांहून अधिक भागाकार टाळण्यात होते.

‘पुढे कोण जाणार?’

या मूळसंख्येतून आणखी एक नवल जन्माला येते. ६ ला १, २ आणि ३ यांनी भाग जातो आणि १, २, ३ यांची बेरीज पुन्हा ६ च होते. २८ चेही तसेच : १, २, ४, ७ आणि १४ मिळून २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ म्हणजे २ गुणिले ३ आणि २८ म्हणजे ४ गुणिले ७. इथेही त्याच तराजूच्या बेरजा दिसतात. युक्लिडच्या काळापासून माहीत असलेल्या या नियमाने २,१४,७४,८३,६४७ पासून १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते : २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८.

१८११ साली इंग्लंडमधील पीटर बार्लो यांनी आपल्या अंकशास्त्रावरील पुस्तकात या संख्येविषयी एक भाकीत केले. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या गोष्टी केवळ कुतूहलाच्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, तेव्हा त्या शोधण्याच्या फंदात कोणी पडेल असे वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

बार्लो यांचे हे भाकीत दोन्ही बाजूंनी फसले. १८७६ साली फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी १२७ वजनांची ३९ अंकी बेरीज मूळ असल्याचे नव्या रीतीने सिद्ध केले आणि तिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या बार्लोंच्या संख्येच्या कितीतरी पुढे गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मेर्सेन मूळसंख्येत तर ४,१०,२४,३२० अंक आहेत. या अंकाची सगळी पाने भरली तरी ती संख्या मावणार नाही! राहिला उपयोगाचा मुद्दा. त्याचे उत्तर यंत्रांनी दिले.

यंत्राच्या पोटातली संख्या

संगणक प्रत्येक संख्या दुपटी-दुपटीच्या वजनांनीच मोजतो. एकेका वजनासाठी एक खण, त्यालाच बिट म्हणतात. वजन ठेवले तर १, नाही तर ०. अनेक वर्षे ३२ खणांची मांडणी सर्रास वापरली गेली. त्यांतला एक खण संख्या धन की ऋण हे सांगण्यात जातो. उरतात ३१. म्हणजेच ३१ वजने! अशा मांडणीत मावणारी सर्वांत मोठी संख्या आपोआपच २,१४,७४,८३,६४७ ठरते.

ती मूळ असल्याचा फायदाही संगणकवाल्यांनी करून घेतला. हवामानाचे अंदाज असोत की पत्त्यांचा खेळ, संगणकाला फासा टाकल्यासारख्या संख्या लागतात. त्यासाठी एक युक्ती आहे. एका संख्येला ठरावीक संख्येने गुणायचे, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागायचे, बाकी घ्यायची आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करायचे. १ पासून सुरुवात करून ३ ने गुणत आणि ७ ने भागत गेलो तर बाक्या येतात १, ३, २, ६, ४, ५. सहाच्या सहा संख्या एकदाच येतात आणि मग चक्र पुन्हा सुरू होते. ७ ऐवजी ८ घेतले तर मात्र १, ३, १, ३ एवढेच, कारण ८ मूळ नाही. १९६०च्या दशकाअखेर आयबीएमच्या संगणकांसाठी हीच युक्ती भाजक म्हणून २,१४,७४,८३,६४७ आणि गुणक म्हणून १६,८०७ घेऊन वापरण्यात आली. दोन अब्जांहून अधिक संख्या येऊन गेल्याशिवाय हे चक्र फिरून पहिल्या जागी येत नाही. ऑयलर यांचा ‘निरुपयोगी’ पुरावा दोनशे वर्षांनी असा कामी आला.

मीटर उलटते तेव्हा

जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढे सगळी शून्ये येतात. गाडी नवी होत नाही, मीटरची जागा संपलेली असते. संगणकाचेही तसेच. ३१ वजने संपल्यावर आणखी १ मिळवला की तो १ चिन्हाच्या खणात जाऊन बसतो आणि दोन अब्जांची जमा एका क्षणात दोन अब्जांची उणे होते.

याचे प्रत्यय आले आहेत. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबने जाहीर केले की ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणे इतक्या वेळा पाहिले गेले की मोजणी २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे निघाली आणि त्यासाठी मोजपट्टीच बदलावी लागली. ही झाली गंमत.

पण २०१५ मधील प्रकरण गमतीचे नव्हते. बोइंग ७८७ विमानाची वीज २४८ दिवस सलग चालू ठेवली तर जनित्रांचे नियंत्रण करणारे चारही संच एकदम थांबू शकतात, असे प्रयोगशाळेतील चाचणीत आढळले. अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने ठरावीक मुदतीत वीज बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश काढला. पुढे त्यावर कायमचा उपायही झाला. पण २४८ दिवसच का? सेकंदाचा शंभरावा भाग धरून मोजत गेले तर २,१४,७४,८३,६४७ ला पोचायला बरोबर साडेअठ्ठेचाळीस दिवस आणि वर दोनशे लागतात! ऑयलर यांच्या चाळणीतला २४८ इथे पुन्हा भेटावा, हा मात्र निव्वळ योगायोग.

आता सुरुवातीच्या आठ चव्वेचाळीसकडे येऊ. युनिक्स आणि तिच्या घराण्यातील संगणक प्रणाली काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासून सेकंदांनी. ग्रिनिचची ती मध्यरात्र म्हणजे भारतातील पहाटेचे साडेपाच. तेव्हापासून २,१४,७४,८३,६४७ वा सेकंद १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. ज्या यंत्रात तो मोजण्यासाठी अजून ३२ च खण असतील, त्याचे मीटर तिथे उलटेल आणि उणे आकडा म्हणजे १९७० च्या मागचा काळ समजून ते थेट १९०१ मध्ये जाईल.

यात घाबरण्याजोगे किती? २००० सालच्या तारखांचा गोंधळ अनेकांना आठवत असेल. तेव्हा वर्ष दोनच अंकांत लिहिले जात असे. भारतातील हजारो संगणक तज्ज्ञांनी त्या दुरुस्तीत भाग घेतला आणि ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मोठी पडझड न होता पार पडली. काहीच झाले नाही म्हणून धोकाच नव्हता असे लोक म्हणू लागले. वेळेवर लस टोचल्यावर गोवर आला नाही म्हणून लस फुकट गेली म्हणण्यासारखेच ते!

या वेळीही उपाय ठाऊक आहे : ३२ ऐवजी ६४ खण. आजचे बहुतेक संगणक आणि मोबाइल काळ ६४ खणांतच मोजतात. लिनक्स प्रणालीने २०२० साली जुन्या ३२ खणी यंत्रांसाठीही सोय केली. चिंता आहे ती भिंतीत, फॅक्टरीत, गाडीच्या बॉनेटखाली एकदा बसवून विसरलेल्या छोट्या नियंत्रकांची आणि कोणी हात न लावलेल्या जुन्या हिशेबांची. शिवाय सगळीच यंत्रे २०३८ ची वाट पाहत नाहीत. २०१८ मध्ये वीस वर्षांच्या मुदतीने घेतलेल्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ मध्येच येतो. मुदतीची तारीख आज मांडणाऱ्या यंत्राला ती मर्यादा आजच आडवी येऊ शकते. दुरुस्ती अवघड नाही, पण ती करायला हवी अशी जागा शोधून काढणारा माणूस हवा. म्हणजे पुन्हा चाळणीच!

६४ खणांतली नवी मर्यादा आहे ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. तितके सेकंद भरायला सुमारे २९,२०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय आहे सुमारे १,३८० कोटी वर्षे. तेव्हा पुढच्या पिढ्यांनी निश्चिंत असावे. ही थोरली संख्या मात्र धाकटीसारखी अभंग नाही. ती ६३ वजनांची बेरीज आहे, ६३ ही मूळ नाही, आणि तिला साध्या ७ नेही नि:शेष भाग जातो.

करून पाहा : कातालदीने २३ वजनांची बेरीज ८३,८८,६०७ मूळ असल्याचे सांगितले होते. ते चूक आहे. ऑयलर यांच्या दोन चाळण्या इथे लावा : भाजकाला ४६ ने भागल्यास बाकी १ आणि ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७. चारशे वर्षांपूर्वीची चूक घरातल्या मुलांनाही पहिल्याच भागाकारात सापडेल. उत्तर पुढील अंकात.